जुन्या नाशकात गुळाच्या वखारीत राहतोय, तिसरा पावसाळा लागला

ढेप_आणि_रवा | २८ जून, रात्री १०:१२

परवा दुसऱ्या एका धाग्यावर मी सहज लिहून गेले की आम्ही वखारीत राहतो, आणि तेव्हापासून व्यनिंचा (खासगी निरोपांचा) पाऊस पडतोय. भाडं किती, फोटो टाका, आम्हालाही अशी जागा बघून द्या. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते.

भद्रकालीकडून तिवंध्याकडे जाताना ज्या बोळकांड्या लागतात, त्यातल्या एकीत आमची वखार आहे. नेमकी कुठली ते सांगत नाही, मालक चिडतील. रस्त्याच्या बाजूने रुंदी १८ फूट, खोली ५२ फूट. दोन्ही अंगाच्या भिंती काळ्या दगडाच्या, दोन फुटांहून जाड, आणि त्यांच्या पलीकडे लगेच शेजाऱ्यांचे वाडे. त्यामुळे खिडकी निघाली तर पुढून नाहीतर मागून, आणि मागे हातभर बोळ. वर सागवानी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), त्यावर मंगलोरी कौलं. कैचीच्या टोकापर्यंत उंची १९ फूट. मालकांच्या आजोबांच्या काळी इथे गुळाच्या ढेपा असायच्या. नंतर काही वर्षं प्लास्टिकच्या बादल्या होत्या, मग नुसतं कुलूप.

आम्ही दोघं जुनं लाकडी फर्निचर दुरुस्त करून विकतो. इंदिरानगरला वन बीएचकेचं एक भाडं आणि अंबडला गाळ्याचं दुसरं, अशी दोन भाडी भरून दमलो होतो. पुढच्या २० फुटांत काम, मागच्या ३० फुटांत संसार, असा हिशेब केला आणि आलो.

पाहुणे येतात, मान वर करतात, कैच्या बघतात आणि 'वा' म्हणतात. मान खाली केल्यावर काय दिसतं तेवढं सांगते.

पहिल्याच जूनमध्ये, पाऊस सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, सकाळी उठले तर फरशीच्या सांध्यांतून मुंगळ्यांची रांग. साखरेचा डबा बंद, कुठे काही सांडलेलं नाही. खडूची लक्ष्मणरेषा झाली, हळद झाली, उपयोग शून्य. समोरच्या दुकानातले काका म्हणाले, "ताई, इतकी वर्षं तिथे गूळ पाझरलाय. त्यांना पत्ता पाठ आहे, तुम्ही नवीन." शेवटी चार फरश्या उचलल्या. खाली काळी, चिकट, मशेरीसारखी माती. मी चाखली नाही. नवऱ्याने चाखली. गोडसर लागली म्हणे.

ती माती वीतभर काढून फेकली, मुरूम आणि खडी भरली, फरश्या परत बसवल्या. मुंगळे निम्म्यावर आले. उरलेले आता घरचेच.

एक कोडं मात्र सुटलेलं नाही. पुढच्या दाराच्या दगडी चौकटीला दोन्ही बाजूंना आतून उभ्या खाचा आहेत. एकेका बाजूला दोन-दोन, मध्ये चार-पाच बोटांचं अंतर, आणि उंची जमिनीपासून जेमतेम अडीच फूट. कशासाठी असतील? कुणाला माहीत असेल तर सांगा.

सिडकोकर | २८ जून, रात्री १०:४०

फोटो नाही तर धागा नाही. आणि भाडं सांगायचं राहिलं.

गंगेवरचा_गप्पिष्ट | २८ जून, रात्री ११:०५

नवऱ्याने माती चाखली इथे वाचन थांबवून बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणते, हा माणूस नक्की नाशिकचाच.

खाचा दुकानाच्या फळ्यांच्या असतील. शटर यायच्या आधी सगळ्या पेठेत फळ्याच लावायचे. नंबर टाकलेल्या असायच्या, एखादी इकडची तिकडे झाली की मालकाच्या शिव्या.

ढेप_आणि_रवा | २९ जून, सकाळी ७:३०

@सिडकोकर, भाडं १४ हजार. फोटो टाकणार नाही, मागच्या वेळी टाकला तर मालकांच्या पुतण्याने बघितला आणि दोन हजार वाढवून मागितले.

@गप्पिष्ट, फळ्यांच्या खाचा वरपर्यंत हव्यात ना? आणि दुहेरी कशाला?

चुनाविटा | २९ जून, दुपारी १:१५

मी बांधकामातला माणूस, जुने वाडे दुरुस्तीची कामं करतो. खाचांचं प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. बाकी दोन-तीन गोष्टी विचारतो. भिंतींना आतून काय लावलंय? कैच्यांची भिंतीत रुतलेली टोकं तपासलीत का? पोटमाळा केला असेल तर तो कशावर उभा आहे?

ढेप_आणि_रवा | २९ जून, रात्री ९:५०

तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

भिंती. आम्ही येण्याआधी मालकांनी हौसेने आतून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट मारून दिला होता. बदामी रंग, छान दिसत होता. जुलैत भिंतींना फोड आले. बोटाने दाबलं तर आत पाणी. ऑगस्टमध्ये पापुद्रे सुटले आणि खाली पांढरा लोणा. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलं होतं तरी आतल्या दोन शालूंवर बुरशी. सासूबाईंचे शालू, त्यामुळे हा विषय घरात अजून पूर्ण मिटलेला नाही.

कैच्यांची टोकं नवऱ्याने तपासली, लाकूड त्याचा धंदाच आहे. हातोडीने ठोकत गेला. निरोगी सागवान खणखणीत बोलतं. सातपैकी एका कैचीचं टोक भद्द वाजलं. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. वाळवी येऊन, खाऊन, निघूनही गेली होती.

पोटमाळा अजून नाही. लोखंडी गर्डर भिंतीत घुसवून करायचा बेत आहे.

चुनाविटा | २९ जून, रात्री १०:३०

गर्डर भिंतीत घुसवू नका. ही भिंत एकसंध दगड नसते. दोन्ही तोंडांना घडीव दगड आणि पोटात चुरा, माती, चुना. त्यात भोक पाडून एका बिंदूवर भार टाकलात की पोट सुटतं. आणि ती भिंत बहुधा शेजाऱ्याचीही आहे. माळ्याला स्वतःचे लोखंडी खांब द्या, त्यांना स्वतःचा पाया द्या, भिंतीपासून वीतभर सुटा ठेवा. उद्या जागा सोडलीत तर नटबोल्ट काढून घेऊनही जाता येईल. डोक्याला उंची पुरेल का ते आधी मोजा. राहत्या खोलीला २.७५ मीटर लागतात, माळ्याच्या वर-खाली निदान २.२ मीटर.

आता गिलावा. दगड-चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगावाटे सोडते. सिमेंट आणि प्लॅस्टिक पेंट म्हणजे तिच्या अंगावर रेनकोट. घाम जाणार कुठे? सगळं खरवडून काढा, एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी राहू द्या, मग चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. गंमत बघा, जुने कारागीर चुन्यात हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर आणि गूळ घालायचे. तुमच्या भिंतींना गूळ काही नवा नाही.

गंगेवरचा_गप्पिष्ट | २९ जून, रात्री १०:३८

मुंगळे: 'भिंतींनाही? वा!'

ढेप_आणि_रवा | ३० जून, सकाळी ८:००

😄 मागच्या उन्हाळ्यात एक भिंत खरवडली, चुना मारला. यंदा त्या भिंतीवर डाग आहेत पण फोड नाहीत. दुसरी अजून रेनकोटात आहे. पैसे येतील तसं.

लेकुरवाळी | ३० जून, दुपारी ३:२०

मला वेगळं विचारायचंय. हवा, उजेड, संडास-बाथरूम, स्वयंपाक यांचं काय? आम्हीही रविवार कारंजाजवळ अशीच एक जागा बघतोय, नवऱ्याचं ऑफिस जवळ पडतं. दोन मुलं आहेत, धाकटा चार वर्षांचा.

ढेप_आणि_रवा | ३० जून, रात्री ११:१०

वखार मालासाठी बांधलेली असते. मालाला उजेड नको असतो, गुळाला तर वाराही नको. पावसाळी हवा लागली की गूळ पाझरतो, म्हणून व्यापारी जून ते सप्टेंबर दारं घट्ट बंद ठेवायचे. झरोके आहेत, पण सगळे १२ फुटांवर आणि ओंजळीएवढे. माल श्वास घेत नाही, आंघोळ करत नाही, रात्री दोनला उठून संडासला जात नाही. आपण हे सगळं करतो.

उजेडासाठी कौलांमध्ये १६ काचेची कौलं बसवली. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात मोठा फरक पडला तो याने. सकाळी नऊला उजेडाचे चौकोन पश्चिमेच्या भिंतीवर असतात, अकराला ओट्यावर, दीडला माझ्या सतरंजीवर. घड्याळ बघत नाही मी.

हवेसाठी पुढे-मागे दोन झरोके मोठे केले आणि मागच्यात एक्झॉस्ट बसवला. उन्हाळ्यात मार्चपर्यंत आत गार असतं. एप्रिलमध्ये कौलं तापतात, मग रात्री दहापर्यंत वरून ऊब येत राहते. डिसेंबरमध्ये बाहेर पारा दहाच्या खाली गेला की १९ फूट उंची कुठलाच हीटर तापवू शकत नाही. आम्ही पलंगावर मच्छरदाणीच्या दांड्यांना जाड चादरी बांधून तंबू करतो. हसू नका.

संडासाची मोठी कथा. गल्लीचा रस्ता वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढून उंच झालाय आणि वखारीची फरशी आहे तिथेच. म्हणजे आमची जमीन रस्त्यापेक्षा सव्वा फूट खाली. पहिल्या मोठ्या पावसात गल्लीचं गटार तुंबलं आणि पाणी उलटं आमच्या न्हाणीतून वर आलं. काय काय घेऊन आलं ते लिहीत नाही, कुणी जेवत असेल. आता न्हाणी-संडास तीन पायऱ्या वर घेतलेत आणि पाइपात उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवलाय. दर महिन्याला तो उघडून साफ करायचा. हे काम कुणाचं यावर आमच्यात चिठ्ठ्या टाकतात.

मुलांसाठी म्हणून एकच सांगते. गॅस गीझर अजिबात बसवू नका. आधीच्या भाडेकरूंनी बिनखिडकीच्या न्हाणीत लावलेला होता, आम्ही पहिल्या दिवशी काढून टाकला. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, वास येत नाही, माणूस गुपचूप आडवा होतो.

दिल्ली_दरवाजा | १ जुलै, सकाळी १०:००

आगीचंही बघा. या भागात वाड्याला वाडा चिकटलेला, आत सगळं लाकूड, आणि अग्निशमनाची मोठी गाडी बोळात शिरतच नाही. वखारीला दार एकच. रात्री शटर आतून कुलूप लावून झोपत असाल तर किल्ली कुठे आहे हे अंधारात सापडायला हवं. आमच्या शेजारी एकांनी शटरलाच छोटं दार करून घेतलंय, आतून नुसती कडी. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकाकडे झालेली चेंगराचेंगरी आमच्या पिढीने पाहिलीय. अरुंद जागेतून सगळे एकदम बाहेर पडायला गेले की काय होतं ते सांगावं लागत नाही.

सिडकोकर | १ जुलै, सकाळी १०:२२

मुंगळे, बुरशी, गटार, तंबू, चेंगराचेंगरी. आणि वर १४ हजार. ताई, तेवढ्यात आमच्याकडे टू बीएचके, बाल्कनी, गाडीला जागा. हौसेला मोल नाही हे मान्य, पण हे जरा जास्तच.

ढेप_आणि_रवा | १ जुलै, दुपारी २:०५

बाल्कनीत साडेसात फुटी कपाट आडवं टाकून रंधा मारता येतो का? 🙂

गाडीचं खरं आहे. स्कूटर आत घेतो, चारचाकी विकली. मेन रोडवर दिवाळीच्या आठवड्यात पायी चालणंसुद्धा मुश्कील. गणपती विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघाली की ढोल पोटात वाजतो, दगडी भिंत असूनही. पण रंगपंचमीला तिवंध्याची रहाड (रंग खेळायचा जमिनीतला जुना हौद) उघडते तेव्हा सिडकोतले पाहुणे आमच्याकडे अंघोळीला रांग लावतात, हेही लक्षात असू द्या.

वकीलवाडी | ३ जुलै, रात्री ८:४५

सगळ्यांनी भिंती-छप्पर बघितलं, कागद कुणीच विचारला नाही. मी विचारतो. करार कुणाशी केलाय? मालमत्ता पत्रकावर किती नावं आहेत? करार निवासी आहे की व्यापारी? नोंदवलाय का?

ढेप_आणि_रवा | ३ जुलै, रात्री ९:३०

मालकांशी. पत्रकावर अकरा नावं आहेत, दोघं अमेरिकेत. पहिल्या वर्षी करार १०० रुपयांच्या स्टँपवर नोटरी करून. घरपट्टी आणि वीजमीटर दोन्ही अजून व्यापारी.

वकीलवाडी | ३ जुलै, रात्री १०:१५

थोडक्यात लिहितो, कुणाच्याही उपयोगी पडेल.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू म्हणतो ते खरं धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. हे तुमच्या मालकांना गोड शब्दांत सांगा, उद्याच सब-रजिस्ट्रारकडे येतील. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे किरकोळ.

अकरा नावांपैकी एकाने सही केली तर बाकी दहांची संमती किंवा कुलमुखत्यारपत्र बघून घ्या.

वापर. गोदाम म्हणून नोंद असलेल्या जागेत राहायचं तर रीतसर वापरात बदल करून घ्यावा लागतो. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीच्या जुन्या भागासाठी वेगळे नियम आहेत, ते आर्किटेक्टकडून समजून घ्या. अडचण अशी की नाशिक महापालिका झाली १९८२ ला, आणि वखार त्याच्या कितीतरी आधीची. मंजूर नकाशा, भोगवटा दाखला यातलं काही सापडत नाही. भाड्याने राहताना एवढं अडत नाही, पण विकत घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. कागदावर गोदाम असेल तर बँक गृहकर्ज देताना हात आखडते.

आणि पावसाळ्याआधी महापालिका जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली. तशी नोटीस तुमच्या किंवा लागून असलेल्या वाड्याला आलीय का, ते राहायला जायच्या आधी विचारा. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्याची नोटीस तुमचीही समजा.

लेकुरवाळी | ३ जुलै, रात्री १०:४०

आम्ही बघतोय त्या जागेच्या शेजारच्या वाड्यावर एक लाल अक्षरांचा कागद चिकटवलेला होता. एजंट म्हणाला, जुनी जाहिरात आहे. उद्या जाऊन वाचते.

पूर्वाश्रमीची_तिवंधेकर | ५ जुलै, दुपारी ४:१०

मी या स्थळावर नुसती वाचक. नातवाने खातं काढून दिलं म्हणून लिहिते आहे, चुकलंमाकलं समजून घ्या.

त्या खाचा पाण्याच्या आहेत. माझं माहेर तिथून चार घरांवर. १९६९ च्या पुरात मी नऊ वर्षांची होते. गंगेला, म्हणजे आपल्या गोदेला, पाणी चढायला लागलं की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर लक्ष ठेवायला पोरांना पिटाळायचे. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, अशा बातम्या गल्लीत ओरडत यायच्या. कमरेला म्हटलं की पेठेतले व्यापारी फळ्या काढायचे. एक रांग पुढच्या खाचेत, एक मागच्या खाचेत, आणि मधल्या चार बोटांत चिकणमाती ठासून भरायची, ओली करून. माती फुगली की थेंब आत येत नसे. अडीच फूट पुरायचं. त्यावर पाणी गेलं तर मग माल वाचवायचा नाही, माणसं वाचवायची, असं माझे वडील म्हणत. ६९ ला फळ्यांच्या वरून गेलं.

फळ्या तिथेच असतील बघा. जुनी माणसं अशी वस्तू टाकून देत नसत. कैच्यांवर बघा.

चुनाविटा | ५ जुलै, दुपारी ४:३५

साष्टांग नमस्कार, आजी. वीस वर्षं वाडे बघतोय, हे माहीत नव्हतं.

दिल्ली_दरवाजा | ५ जुलै, संध्याकाळी ६:००

पुराबद्दल एक भर. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा आपल्या बाजारपेठेने पाणी बघितलंय. ते गोदेचं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की निदान आकडा जाहीर होतो, पाणी रामकुंडापर्यंत यायला थोडा वेळ मिळतो. पण दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार इथे खरा दगा देतो तो सरस्वती नाला. तो खालून बंदिस्त वाहतो, आणि शहरातच तासभर मुसळधार पडला की धरणाचं दार न उघडताही रस्त्यावर वर येतो. त्याची सूचना कुणी देत नाही.

जागा घेणाऱ्यांनी पूररेषेचा नकाशाही बघावा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा, १०० वर्षांतल्या पुराची लाल. निळीच्या आत काही नवीन करायला गेलात तर परवानगी विसरा.

ढेप_आणि_रवा | ६ जुलै, रात्री ९:२०

आजी, फळ्या सापडल्या!

चौथ्या कैचीवर, बादल्यांच्या फाटक्या खोक्यांमागे, सुतळीत बांधलेल्या. दहा फळ्या, सागवानी, दीड इंच जाड. प्रत्येकीवर कोयत्याने पाडलेल्या उभ्या रेघा: एक, दोन, तीन, चार, पाच, आणि परत एक ते पाच. खालच्या कडेला अजून वाळलेली माती चिकटलेली. नवऱ्याकडे मी आधीच बघितलं, तर तो म्हणाला, ही नाही चाखणार.

लावून बघितल्या. नऊ सरकन बसल्या. पुढच्या रांगेतली तीन नंबरची फुगलीय, तिला रंधा मारावा लागेल.

लेकुरवाळी | ९ जुलै, सकाळी ११:३०

तो लाल कागद जाहिरात नव्हता. आम्ही ती जागा सोडली. @वकीलवाडी, मनापासून आभार. पण वखारीचं खूळ डोक्यातून गेलेलं नाही. @ढेप, तुमची जागा बघायला येऊ का एकदा? दिवाळीनंतर सवड आहे.

ढेप_आणि_रवा | ९ जुलै, दुपारी १२:१०

जरूर या. पण दिवाळीनंतर नको, तेव्हा सगळ्याच वखारी देखण्या दिसतात. मालकांनी नुकताच रंग दिलेला असतो, भिंती सुकलेल्या, मुंगळे झोपलेले. ऑगस्टमध्ये या. आणि दुसरी कुठली जागा बघत असाल तर तीही ऑगस्टमध्येच बघा, सलग चार दिवस पाऊस झाल्यावर. भिंतीला तळहात लावा, फरशीवर अनवाणी उभ्या राहा, न्हाणीच्या जाळीपाशी वास घ्या.

भाड्याचंही आत्ताच ठरवून घ्या. २०२७ चा सिंहस्थ जसा जवळ येतोय तशी इथे ज्याच्या त्याच्या डोळ्यांत यात्रेकरूंची सोय दिसायला लागलीय. आमच्या मालकांनीही परवा 'पुढल्या वर्षी बघू' म्हणून खडा टाकून ठेवला. करार ३६ महिन्यांचा नोंदवून घेतला म्हणून गप्प आहेत. (@वकीलवाडी, गोड शब्द कामी आले.)

सिडकोकर | १० जुलै, सकाळी ९:००

मीही येतो बघायला. चहा गुळाचाच ना?

ढेप_आणि_रवा | ४ ऑगस्ट, रात्री ११:५०

दुपारपासून धो-धो चालू आहे. दहीपुलावरच्या भांडीवाल्या भाऊंचा आत्ताच मेसेज आला, दुकानाच्या पायरीला पाणी लागलं. आमच्या गल्लीत अजून घोट्याएवढं. समोरच्या काकांना फळ्यांबद्दल सांगितलं तर ते घमेलंभर चिकणमाती घेऊन दारात उभे आहेत, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून. त्यांच्या वडिलांना त्यांनी हेच करताना पाहिलंय म्हणे, विसरून गेले होते.

मागची रांग लावून झाली. पुढच्या रांगेत तीन नंबर अजून अडतेय, नवरा रंधा शोधतोय. @तिवंधेकर आजी, जाग्या असाल तर एक सांगा: माती आधी भिजवून भरायची की भरून वरून पाणी ओतायचं?

पूर्वाश्रमीची_तिवंधेकर | ४ ऑगस्ट, रात्री ११:५६

जागी आहे. आधी भिजव. कणकेपेक्षा सैल, शेणापेक्षा घट्ट. आणि खालच्या फटीत आधी चिंधी कोंब, मग माती.

ढेप_आणि_रवा | ५ ऑगस्ट, पहाटे ४:४०

पाणी चौथ्या फळीच्या मध्यापर्यंत चढलं, तीनला उतरायला लागलं. आत एक लहानसा ओहोळ आला तो तीन नंबरच्या कडेने, पोछ्याने टिपला. न्हाणीचा व्हॉल्व्ह टिकला. काका आमच्याकडेच सतरंजीवर झोपलेत. मुंगळे सगळे ओट्यावर चढून बसलेत, त्यांना हात लावलेला नाही.

@सिडकोकर, @लेकुरवाळी, रविवारी या. भिंती बघायला ही वेळ उत्तम आहे. येताना चप्पल घालू नका, आणि शटरखालून वाकून या, फळ्या अजून काढलेल्या नाहीत.